नरसय्यामामांचा पिवळा दोरा

बोअरमधून मोटर काढणं हा माझा धंदा. पाणी चालू असतं तोवर आमची आठवण कुणाला होत नाही, आणि पाणी बंद पडलं की दहा मिनिटांत तीन फोन. मंगळवेढ्यापासून मैंदर्गीपर्यंत किती बोअरांची तोंडं बघितली असतील कोण जाणे. तोंडं लक्षात राहिली, माणसं फारशी राहिली नाहीत. एक माणूस मात्र राहिला, आणि तो का राहिला हे सांगायला मला तोंड नाही. तरी सांगतो.

नरसय्यामामा गाड्यांचे वायरमन होते. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्याच्या भिंतीला टेकून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. कारखाना चालू होता तेव्हा मामा आत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग नीट करणारे. कारखाना बंद पडला, लोक पांगले, आणि मामा भिंतीच्या आतून बाहेर आले. मागाच्या मोटरी दुरुस्त करणारा हात गाड्यांच्या वायरिंगकडे वळला, एवढाच काय तो फरक. पट्ट्यापट्ट्यांची लुंगी, वर बनियन, आणि नाकावर चष्मा. चष्म्याची एक काडी मोडलेली, ती सुतानं बांधलेली. नवी का घेत नाही म्हटलं तर म्हणायचे, ‘‘दिसतंय की.’’

घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, ट्रकवाल्यांशी दखनी, आणि शिव्या मात्र कानडीतून. मी एकदा विचारलं, शिव्या कानडीतच का. तर म्हणाले, ‘‘त्या भाषेत माझं सोयरं कोन न्हाय. कुनाला लागत न्हाय.’’

त्यांचा लाडका शब्द होता ‘आगू’. तेलुगूत थांब म्हणायला आगू. कुणी कितीही घाईत येवो, बॉनेट उघडून मामा पहिल्यांदा हात वर करणार आणि म्हणणार, ‘‘आगू, आगू.’’ आणि माणूस थांबायचा. मी तापट आहे, मला दोन मिनिटं उभं राहायचं म्हणजे अंगावर येतं. पण मामांच्या त्या वर केलेल्या हातापुढे मीसुद्धा चहाच्या टपरीवर जाऊन बसायचो.

माझी-त्यांची गाठ पडली ती विंचमुळं. त्या वर्षी मी पिकअप घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला विजेचा विंच बसवायचं डोक्यात घेतलं. विंच म्हणजे बॅटरीवर फिरणारा ड्रम. रिमोटचं बटण दाबलं की पोलादी दोर गुंडाळायला लागतो आणि बोअरमधला पाईप वर येतो. तोवर मी आणि तानाजी हातानं रहाट फिरवत होतो. तानाजी मंगळवेढ्याकडचा, माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर अकरा वर्षं काम करणारा. मी वर उचलायचं बघायचो आणि तो बोअरच्या तोंडाशी बसून, वर आलेला पाईप खाली घसरू नये म्हणून त्याला लोखंडी क्लॅम्प आवळायचा. मला चिडवायला मालक म्हणायचा, पण पाईप किती उचलायचा हे डोळ्यानं ओळखणारा तोच. मी नुसता ओरडायला होतो.

विंच गाडीच्या पार मागं आणि बॅटरी पुढं बॉनेटखाली. सगळी गोम ह्या मधल्या अंतरात. विंच जोर लावायला लागला की बॅटरीतून इतका करंट खेचतो, की वायर बारीक असली किंवा एखादा जोड ढिला असला की तो शेगडीसारखा तापतो. नवी पेठेतला एक दुकानदार म्हणाला, दुपारपर्यंत करून देतो. मी खूश. तानाजी मात्र पाय रोवून उभा राहिला.

‘‘मालक, बटन तुमी दाबनार. हात मी घालनार तितं. नरसय्यामामांनी वायरिंग केलं तरच घालीन, न्हायतर आपला रहाट बरा.’’

त्याचा थोरला भाऊ दत्तू ट्रकवर होता. ट्रकवाल्यांत मामांचं नाव होतं, ते तानाजीनं घरातच ऐकलेलं. म्हणून गाडी अक्कलकोट रोडला गेली.

मामांनी आठ दिवस घेतले. पहिल्या दिवशी पोत्यावर उताणे पडून नुसते गाडीच्या पोटाकडं बघत राहिले. मी दोनदा जाऊन आलो, माणूस तसाच.

‘‘मामा, नुसतं बघताय काय?’’

‘‘आगू. गाडी हालती तवा काय कशाला घासतंय ते बघाय नको? सायलेन्सर कुटं तापतो, स्प्रिंग कुटं बसती. केबल काय एका दिवसाचा पावना हाय का?’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅटरीपासून विंचपर्यंत सुतळी अंथरली. केबल जाईल त्या वाटेनं, त्याच वळणांनी. मग सुतळी काढून तिच्याएवढ्या लांबीची जाड केबल आणली. दोन आणल्या, एक जायला आणि एक परत यायला. परतीचा करंट बाकीचे लोक गाडीच्या लोखंडातूनच पाठवतात, एक केबल वाचते. मामांना ते पटायचं नाही. म्हणायचे, ‘‘लोखंडाला गंज लागतो. गंजावर भरवसा ठेवून मी कुनाला कामाला लावनार न्हाय.’’ आणि त्यांचा सगळ्यांत कडक नियम म्हणजे केबल मधे तोडायची नाही. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत अखंड. जोड टोकालाच, तोही थिंबल घालून. थिंबल म्हणजे केबलच्या टोकावर बसवायची तांब्याची टोपी. ती दाबायला त्यांच्याकडं हातभर लांब मुठींचं एक यंत्र होतं. दाबताना मामांच्या मानेच्या शिरा फुगायच्या.

विंचशेजारी, गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर, त्यांनी एक लाल मूठ बसवली. ती फिरवली की विंचची वीज तुटणार. मला म्हणाले, ‘‘बटन कदी तरी ऐकनार न्हाय. मशीन हाय, माजतं. तवा ही मूठ. उभ्या जाग्यावरनं हात पोचला पायजे. पळत जायला लागलं तर मूठ कशाला बसवायची?’’

आठव्या दिवशी परीक्षा. शेडसमोरच्या कडुलिंबाच्या बुंध्याला आधी पोतं गुंडाळलं, झाडाची साल जायला नको म्हणून. मग दोर अडकवला, चाकांना दगड लावले आणि विंच चालू. गाडी कण्हायला लागली. थोडा वेळ ओढ दिल्यावर मामांनी बंद करायला सांगितलं आणि पुढून मागपर्यंत एकेका जोडाला हात लावत गेले. पालथा हात, आई तापल्या पोराच्या कपाळाला लावते तसा. एका जोडाशी थांबले. ‘‘ह्याला कणकण हाय,’’ म्हणाले. मी हात लावून बघितला, मला काही कळलं नाही. त्यांनी तो कापला, नवीन थिंबल घातली, परत दाबली, आणि परत कडुलिंब.

जोड थंड राहिला की त्यावर पिवळा दोरा. चादरीच्या सुताचा, हळदीसारखा पिवळा. मामांच्या गाड्यांची ओळखच ती. पिवळा दोरा म्हणजे ह्या जोडाला मी हात लावलाय, तुम्ही निर्धास्त राहा. आणि दोऱ्याची गाठ मागावरची. मागावर तुटलेला धागा जोडतात ती गाठ इतकी बारीक असते की फणीतून अडकल्याशिवाय निघून जाते. मी नख फिरवून बघितलं, नखाला लागेना.

गाडी घेऊन आलो तेव्हा तानाजीनं आधी बॉनेट उघडलं, मग खाली वाकून मागपर्यंत बघितलं. दोरे मोजले. सात भरले. म्हणाला, ‘‘आता चला.’’

त्यांचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. पुढचं सांगायचं टाळतोय असं म्हणा हवं तर.

एका बँडवाल्याची गाडी त्यांच्याकडं होती. वर दिव्यांच्या कमानी, मागं जनरेटर. वरात संध्याकाळी सहाची, आणि पाच वाजता मामांना एक जोड कोमट लागला. बँडवाला रडकुंडीला आला. ‘‘मामा, नवरदेव घोड्यावर बसलाय.’’ मामा म्हणाले, ‘‘बसू दे. घोडा हाय की खाली.’’ जोड पुन्हा केला, पण कडुलिंबाची परीक्षा घ्यायला वेळ उरला नाही. आता परीक्षा घेतल्याशिवाय दोरा नाही, आणि दोरा नसताना गाडी सोडायची नाही. मग मामांनी काय करावं? लुंगी-बनियनवर त्या गाडीबरोबर वरातीत चालत गेले, जोडावर पालथा हात ठेवून. नवऱ्या मुलाच्या मामानं हे कुणीतरी मुलीकडचं मानाचं माणूस आहे असं समजून त्यांना फेटा बांधला. कार्यालयाच्या दारात वरात पोचली, जोड थंड होता, मामांनी तिथंच दोरा बांधला आणि फेट्यासकट घरी चालत आले. पुढं चार दिवस लोक त्यांना व्याही म्हणून हाक मारत होते, आणि मामा ओ देत होते.

मला त्यांनी पिवळ्या सुताची एक छोटी गुंडी दिली होती. बोअरच्या कामात चिखल फार, दोरे मळून काळे पडायचे. ‘‘मळला की बदल. पन आदी हात लाव, मग दोरा.’’ अशी गुंडी त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलेली मला माहीत नाही. मी ती पाकिटाच्या कप्प्यात ठेवायचो आणि मनातून मिरवायचो.

आता मूळ गोष्ट.

बोअरची मोटर काढायची म्हटलं की निम्मं गाव जमतं. कुणी सल्ला देतो, कुणी तंबाखू मळतो. एका गावात पाईप अर्धा वर आला आणि विंच ठप्प. मी रिमोट उघडला, बॅटरी तपासली, फ्यूज बघितला. तासभर उन्हात घाम गाळला. शेवटी तानाजीच्या ध्यानात आलं. जमलेल्यांतल्या कुणीतरी गंमत म्हणून लाल मूठ फिरवली होती. सगळा गाव हसला. शेताचा मालक म्हणाला, ‘‘अहो, आदी बटन बघायचं असतंय.’’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बोअरवाला माणूस, आणि मला बटण शिकवतोय.

तडक मामांकडं गेलो. म्हटलं, ही मूठ आत घ्या, ड्रायव्हरच्या सीटखाली. कुणाचा हात लागायला नको.

मामा म्हणाले, ‘‘ती तितंच राहनार.’’

‘‘मामा, लोक फिरवतात.’’

‘‘फिरवू दे. बंदच हुतंय न्हवं? चालू तर हुत न्हाय. मी वर पत्र्याचं झाकन करून देतो, कडी लावतो. गुरुवारी ये.’’

गुरुवारपर्यंत मधे चार दिवस होते. चार दिवस. आज ते चार दिवस मला कुणी परत दिले तर मी त्यांच्या शेडसमोर बसून काढीन.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तानाजी गावाकडं गेला होता. मी वाड्यात, म्हणजे गाडी लावतो त्या मोकळ्या जागेत, एकटाच होतो. गाडीखाली शिरलो आणि मामांची अखंड केबल मधोमध कापली. कटर लावताना हात थरथरला वगैरे काही सांगणार नाही. थरथरला नाही. उलट मजा वाटली, आपलं आपण करतोय म्हणून. दोन्ही टोकं केबिनमध्ये घेतली, सीटखाली मूठ बसवली. दाबायचं यंत्र माझ्याकडं नव्हतं, म्हणून थिंबल हातोडीनं ठोकून बसवल्या. विंच चालू करून बघितला, फिरला. झालं म्हटलं. कडुलिंबाला दोर लावणं नाही, की पालथा हात नाही.

मग आठवलं, सोमवारी तानाजी वाकून बघणार. नवा जोड दिसला आणि त्यावर दोरा नसला तर विचारणार. मग वाद, मग तो काम करणार नाही. पाकिटातली गुंडी काढली आणि माझ्या दोन्ही जोडांवर पिवळा दोरा बांधला. मामांची गाठ मला कुठली यायला? पोत्याचं तोंड बांधतो तशी बांधली.

सोमवारी तानाजीनं मूठ आत बघितली, वाकून खाली बघितलं. पिवळं दिसलं. ‘‘मामांनी आत घेतली जनू,’’ असं आपल्याशीच म्हणाला. तो विचारत नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. चाकातली हवा बघत बसलो. हीच माझी हुशारी.

दोन महिने काही झालं नाही. मग मंगळवेढ्याकडं, ज्वारी काढलेल्या रानात एका बोअरवर गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. मोटर गाळात रुतलेली, पहिलीच ओढ जड. विंच कण्हत होता. माझ्या त्या ठोकलेल्या जोडात करंट अडला. पुढं वीज कमी पोचली की विंचजवळचा रिले, म्हणजे बटणाचं ऐकून वीज सोडणारी डबी, नीट दाबला जात नाही, तडतडतो, आणि तडतडता तडतडता त्यातली तांब्याची दोन टोकं वितळून एकमेकांना चिकटतात. हे मी आज सांगतोय, मामांनी मला नंतर समजावलं म्हणून. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की मोटर गाळातून सुटली, पाईप झपकन वर यायला लागला. मी बटण सोडलं आणि विंच थांबला नाही.

तानाजीचा उजवा हात क्लॅम्पमध्ये होता. दोन पाईप जोडतात तिथला जाड सांधा वर आला आणि क्लॅम्पमध्ये घुसला. मधे त्याची बोटं.

मूठ जुन्या जागी असती तर मी उभ्या जागेवरून हात लांबवला असता. मी गाडीला वळसा घालून पळालो, दार उघडलं, सीटखाली हात घातला, मूठ चटकन सापडेना. किती वेळ गेला असेल, आठ-दहा सेकंद. तानाजी ओरडला नाही, हे मला जास्त लागतं. तो नुसता ‘मालक, मालक’ म्हणत होता.

सोलापूरला आणलं. पहिली दोन बोटं काढावी लागली.

तिसऱ्या दिवशी दत्तू वाड्यात आला, दोन माणसं घेऊन. डोळे लाल. गाडीखाली बघितलं आणि म्हणाला, ‘‘दोरा त्या म्हाताऱ्याचा हाय. बोलव त्याला.’’ मी बोलावलं नाही, मामा स्वतःच आले. त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. हातात स्क्रू ठेवायचा स्टीलचा डबा, कारण ते कुठंही गेले तरी तो डबा बरोबर असायचा.

पोतं अंथरून गाडीखाली गेले. मी उभ्यानं त्यांचे पाय बघत होतो. ते माझ्या जोडाशी पोचले हे मला त्यांच्या पायांवरून कळलं, कारण पाय हलायचे थांबले. बराच वेळ आत होते. त्यांनी गाठीवरून नख फिरवलं असणार, आणि नखाला ती लागली असणार.

बाहेर आले. दत्तू म्हणाला, ‘‘दोरा तुमचा हाय का न्हाय, एवडं सांगा.’’

मामांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं आरोपाचं नव्हतं. मी बोलेन म्हणून जागा करून दिल्यासारखं होतं. मला वाटलं, दत्तू मारेल. मग वाटलं, तानाजी सोडून जाईल. मग वाटलं, धंदा बसेल. एवढं सगळं वाटायला वेळ मिळाला, बोलायला मिळाला नाही.

मामा म्हणाले, ‘‘माझाच हाय.’’

दत्तूनं त्यांचं बनियन धरून त्यांना मागं ढकललं. डबा हातातून उडाला, स्क्रू सगळीकडं पसरले. ‘‘पोरं तुमचा दोरा बघून हात घालतात,’’ तो म्हणत होता, ‘‘तुमचा दोरा बघून.’’ मामा मान हलवत होते, व्हय, व्हय. मी खाली बसलो आणि स्क्रू गोळा करायला लागलो. मदत म्हणून नाही. खाली बघायला काहीतरी हवं होतं. एकेक स्क्रू मन लावून वेचत राहिलो, दत्तू जाईपर्यंत.

आठवड्यानं त्यांच्या शेडवर गेलो. मामा एका रिक्षाचा दिवा उघडून बसले होते. मी म्हटलं, ‘‘मामा, तुम्ही असं का बोललात?’’

‘‘तू दोरा का बांदला ते सांग आदी.’’

‘‘तानाजी विचारेल म्हणून.’’

‘‘म्हंजे माझा दोरा बघून त्यानं हात घातला. मग माझं न्हाय तर कुनाचं?’’ दिवा बाजूला ठेवला. ‘‘चाळीस वर्सं मी लोकास्नी दोरा बघायला शिकवलं, सिद्राम. जोडाला हात लावायला शिकवायला पायजे हुतं. लई सोपं करून ठिवलं मी. सोपं केलं की कुनीबी बांदतंय.’’

मग त्यांनी मला तो रिले कसा चिकटतो ते समजावलं. कागदावर चित्र काढून, शांतपणे. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच म्हणाले, ‘‘तानाजीला तू सांग. मी सांगनार न्हाय. मी सांगितलं तर ते नुसतं भांडान हुतंय.’’

मी ‘सांगतो’ म्हणालो. मला तेव्हा ते खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाड्यात पोचलो तर मामा आधीच गाडीखाली. हातात सुतं तोडायची छोटी कात्री. बॉनेटखालचे, चासीवरचे, विंचजवळचे, आपले सगळे दोरे एकेक करून कापत होते. मी पोत्याशेजारी उकिडवा बसलो. मला वाटलं, सगळेच काढणार. सातही कापले, बनियनच्या खिशात टाकले आणि उठले. माझ्या गाठी तशाच ठेवल्या.

‘‘मामा, हे दोन राहिले.’’

‘‘ते माझे न्हाईत,’’ म्हणाले आणि लुंगी झटकून चालायला लागले.

पुढं ते प्रत्येक गाडीचे दोरे काढायला लागले. गाडी आली की आधी कात्री, मग मालकाचा हात धरून जोडावर ठेवणार. ‘‘तुमी बघा. गरम लागतंय? थंड लागतंय? तुमी सांगा.’’ लोकांना हे कुठलं आवडायला? आमच्या गाडीची बातमी तोवर सगळ्या ट्रकवाल्यांत गेली होती. म्हाताऱ्याचा हात गेला, आता गिऱ्हाइकालाच तपासायला लावतो, असं बोलायला लागले. अक्कलकोट रोडवरून जाताना शेडसमोर आधी दोन गाड्या दिसायच्या, मग एक, मग नुसताच कडुलिंब. मी रोज त्या रस्त्यानं जायचो. दुसरा रस्ता होता, तरी त्याच रस्त्यानं जायचो, आणि थांबायचो नाही.

केबल मी बदलून घेतली, मूठ परत मागं आली. दुसऱ्याकडून करून घेतलं. तानाजी सहा महिन्यांनी कामावर आला. पाना धरवत नाही, म्हणून आता तो रिमोट धरतो आणि क्लॅम्प मी आवळतो. त्यानं कधी माझ्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. हॉस्पिटलात मी बसून राहिलो, घरी धान्य पोचवलं, हे तो चारचौघांत सांगतो. ‘‘मालक होता म्हनून मी उभा हाय,’’ म्हणतो. असं म्हणाला की मला जेवण जात नाही. सांगायला शंभरदा तोंड उघडलं असेल. गाडीत, शेतात, त्याच्या घरी. दर वेळी काहीतरी दुसरंच बोललो.

मामा गेले त्याला दीड वर्ष झालं. मातीला मी गेलो नाही, कळलंच उशिरा, असं मी लोकांना सांगतो. त्यांना शेवटचं बघितलं ते त्याआधी दोन-तीन महिने, नवी पेठेत.

बाजाराचा दिवस, गर्दी, आमची पिकअप रिक्षांच्या मधे अडकलेली. तानाजी माझ्या शेजारी बसलेला. एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवरून मामा उतरले. अंगात शर्ट होता. मी त्यांना शर्टात पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळं आधी ओळखलं नाही. वाळले होते. हातात पिशवी. त्यांनी गाडी ओळखली आणि सरळ तानाजीच्या खिडकीशी आले.

‘‘तानाजी, हात कसा हाय बाबा?’’

तानाजीनं समोर बघत डाव्या हातानं काच वर केली.

मामा तिथंच उभे राहिले. काचेतून त्यांनी माझ्याकडं बघितलं, वाड्यात बघितलं होतं तसंच. मागून रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, समोरची वाट मोकळी झाली होती, आणि ते वाट बघत होते. फार बोलायचं नव्हतं. काच खाली कर म्हणायचं आणि दोन शब्द सांगायचे, तिथंच, त्यांच्यासमोर.

मी गिअर टाकला. आरशात बघितलं तर मामा बाजूला सरकून मागच्या रिक्षाला वाट देत होते.

‘‘बगितलं का,’’ तानाजी म्हणाला. ‘‘माझ्या हाताचं वाटोळं करून वर विचारायला येतोय. असल्या मान्साला दारात उभं करू नये. व्हय का न्हाय, मालक?’’

मी रस्त्याकडं बघत ‘व्हय’ म्हणालो.